तेलकोठीचा कोंडमारा आणि भोईवाड्याच्या चढणीची फत्ते

विघ्नहर्त्यास वंदून, मुंबादेवीस स्मरून, आणि ज्या ज्या जावयाने सासुरवाडीच्या उंबऱ्यावर मान राखिला अथवा गमाविला त्या सकळांस मुजरा करून हे वर्तमान लिहिले असे. जे घडले ते घडले तैसे सांगावे, पदरचे मीठ फार घालू नये, हा दंडक.

शके अठराशे वीस आणि एकवीस या सालांत मुंबई बंदरी, गिरगाव प्रांती, ठाकुरद्वार मुक्कामी राजश्री हेरंबराव त्रिलोकेकर नांदत होते. ज्ञातीने पाठारे प्रभू, हुद्द्याने बंदरखात्याच्या कचेरीतील नकाशेनवीस, पगडी ताठ, मिशी तलवारकट, बुद्धी तेज आणि हट्ट बुद्धीहूनही तेज. कचेरीत साहेबाची मर्जी होती, घरी चुलते अण्णासाहेब वडिलांचे ठायी होते, आणि धर्मपत्नी मृणालिनीबाई बोलत थोडे, परंतु बोलल्या तर शब्द फिरवीत नसत. इतके असता मनुष्याने सुखे राहावे. परंतु विलायतेस परतणाऱ्या एका गोऱ्या व्यापाऱ्याने आपली बिनघोड्याची मोटारगाडी विकावयास काढिली, आणि ती हेरंबरावांच्या दृष्टीस पडली, आणि मग त्यांस अन्न गोड लागेना, म्हणौन ती गाडी एके दिवशी ठाकुरद्वारी दाखल जाहली.

गाडीचे वर्णन करावे तर चार चाके, पुढे हाती धरावयाचा दांडा, मध्ये बाक आणि बाकाखाली यंत्र. यंत्रास एकच नळकांडे. त्यात तेलाच्या वाफेचा भडका होई आणि भडक्याच्या जोराने एक दट्ट्या वरखाली धावे. दट्ट्याच्या खाली बिडाची बंद कोठी, जीत लोखंडी दांडा गरगर फिरे आणि फिरता फिरता तळचे तेल उडवून सर्व कलपुर्जांस माखी. या कोठीस तेलकोठी म्हणत. वाचकांनी हे नाव ध्यानी धरावे, कारण पुढील सारे युद्ध हिच्याच भोवती जाहले.

आता वैराचे मूळ. हेरंबरावांचे श्वशुर राजश्री गंगाधरराव धैर्यवान हे परळापलीकडे भोईवाड्यात राहत. गोलंजीच्या टेकडीकडे जी वाट चढत जाते तिच्या माथ्यावर त्यांचा बंगला. गृहस्थ मातबर, करारी, आणि बैलांचे मोठे शौकी. त्यांची खिलारी जोडी सबंध परळात नावाजलेली. शके अठराशे विसाच्या दिवाळसणास हेरंबराव मोटारगाडीतून सहकुटुंब निघाले, भायखळा मागे टाकिला, लालबाग मागे टाकिली, पोरेटोरे मागे धावत होती, आणि मग चढण आली. गाडीने अर्धी चढण कण्हत कुंथत चढून मान टाकिली. ढकलून पाहिले, चुचकारून पाहिले, हलेना. वरून गंगाधररावांनी पाहिले आणि आपली खिलारी जोडी पाठवून दिली. बैल जुंपले गेले, गाडीत जावई पगडीसुद्धा बसलेले, आणि भोईवाड्याचे समस्त रहिवासी दुतर्फा उभे, ऐसी ती स्वारी वर पोचली.

तेव्हा गंगाधरराव ओटीवरून म्हणाले, "जावईबापू, पुढल्या खेपेस बैल गिरगावातूनच जुंपून आणा. मधला खोळंबा वाचेल."

ओटीवरील मंडळी हसली. कोणी तोंडावर उपरणे धरिले, कोणी तेही धरिले नाही. हेरंबराव गाडीतून उतरलेच नव्हते. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "मामा, ही गाडी स्वतःच्या बळाने ही चढण चढेल त्या दिवशी मी या घरचे पाणी पिईन. तोवर नाही." मग गाडी फिरविली, उताराने ती आपोआप चालली, आणि मृणालिनीबाई मातोश्रींच्या हातचे फराळाचे ताट ओटीवर तैसेच ठेवून पतीमागे येऊन बसल्या. वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. हेरंबरावांस त्या अबोल्याचे ओझे गाडीच्या ओझ्याहून जड वाटले, परंतु शपथ वाहिली ती वाहिली.

पुढे हिवाळा गेला, संक्रांत गेली, होळी गेली. भोईवाड्यास जाणे नाही, येणे नाही. मग चैत्रात मृणालिनीबाईंचे एकुलते बंधू आनंदराव अक्षत घेऊन आले. वैशाखात त्यांचे लग्न ठरले होते, आणि वधूपक्ष परगावचा म्हणौन मांडव भोईवाड्यातच पडणार होता. ते बहिणीस म्हणाले, "ताई, करवली तू. दुसरी कोण आहे मला?" आणि मेहुण्यांकडे न पाहता चहा पिऊन निघून गेले.

ते रात्री पान वाढिताना मृणालिनीबाईंनी आपला निर्णय जाहीर केला. तो ऐसा: "मी लग्नाला जाणार. आपण गाडीनं वर चढलात तर आपल्याबरोबर. नाही तर भाड्याच्या, बैलांच्या रेकल्यातून एकटी. आणि रेकल्यातून गेले, तर मला परत आणायला मोटारच यावी लागेल, आणि तीही पार वरपर्यंत."

हेरंबरावांचा घास हातीच राहिला. मोहीम अशी गळ्यात पडली.

मग मसलत सुरू जाहली. गाडीचे बळ वाढवावे कैसे. हेरंबराव विचार करीत कचेरीतून परतत असता एका लोहाराच्या दुकानी उभे राहिले, तो भाता चालला होता आणि फुंकरीसरसे निखारे लाल होत होते. त्यांचे चित्तात आले की हवा कोंबली असता कोळसा चेततो, तर यंत्राच्या पोटीची आग का न चेतावी? तात्काळ नळबाजारच्या भंगारवाल्यांचे मुलूख पालथे घातिले आणि एक फिरता भाता हस्तगत केला. पत्र्याच्या डब्यात पंखा, मधल्या तोंडाने हवा ओढी आणि कडेच्या नळीने जोराने फुंकी, ऐसी त्याची करणी. तो बसविण्याकरिता लालबागेतील एका गिरणीचा जोडारी गुणाजी यास पाचारण केले. गुणाजी मालवणाकडचा, हात धीट आणि जीभ हाताहून धीट. त्याने यंत्राच्या चाकावरून पट्टा घेऊन भाता फिरता केला आणि भात्याची नळी यंत्राच्या नरड्यात बसविली. मग दोन पावले मागे सरून म्हणाला, "आता ही गाडी डोंगर चढतली, नायतर फुटतली. मधला काय रवाक नाय."

पहिली लढाई गवालिया तलावाच्या चढणीवर जाहली. गाडी सुटली ती ऐसी की हेरंबरावांची पगडी मागे गुणाजीच्या मांडीवर गेली. यंत्र गर्जू लागले, चढण पायाखाली सरू लागली, ट्रामचे घोडे बिथरले, एक पारशी गृहस्थ छत्री टाकून गटाराच्या कडेस उभे राहिले. हेरंबरावांस वाटले, भोईवाडा घेतला. आणि तेच समयी बाकाखालून धुराचा लोट उठला, आणि मग तेलकोठीच्या सांध्यांतून, जोडांतून, फिरत्या दांड्याच्या दोन्ही टोकांतून काळे कढत तेल पिचकाऱ्यांसारिखे सुटले. पांढरा अंगरखा काळा जाहला. गाडी थांबली. कुलाब्याच्या कोळीवाड्यातली सोनूबाई म्हावरे विकून उरल्या दोन माशांची पाटी घेऊन परतत होती, ती जवळ आली, वाकून यंत्राखाली पाहिले आणि म्हणाली, "दादा, तेल चांगला तापलाय. म्हावऱ्याची तुकरी टाकू काय?"

या सल्ल्याचा स्वीकार जाहला नाही. गाडी ढकलीत गिरगावी आणिली.

मग अंगणात यंत्र खोलून दोघे त्यासमोर बसले आणि पराभवाचे कारण शोधिले. ते असे निघाले. दट्ट्या नळकांड्यात कितीही चपखल बसो, भडक्याची थोडकी वाफ त्याच्या कडेने खाली तेलकोठीत निसटतेच. मूळच्या यंत्रात ती अल्प होती आणि कोठीच्या एका बारीक भोकातून मुकाट बाहेर जाई. परंतु आता भात्याने हवा कोंबली, भडका दुणावला, आणि त्याबरोबर निसटणारी वाफही दुणावली. एवढी फौज त्या लहानशा दिंडीतून निघेना. मग ती कोठीत कोंडली, दाटली, आणि वाट सापडेल तेथून तेलासकट बाहेर पडली.

गुणाजीचे मत स्वच्छ होते. "गळता थंय आवळूचा. आणि काय?"

हेरंबरावांस ते पटले, हे त्यांचे चुकले. प्रत्येक सांध्यात सणाचे धागे आणि सफेत्याचा लेप भरिला, कातड्याच्या गाद्या दुहेरी घातल्या, बोल्ट हिसका देऊन आवळिले, आणि शहाणपणाची कमाल म्हणजे ते बारीक भोकही डांबराने बुजविले. तेलकोठी ऐसी बंदिस्त केली की मुंगीस वाट नाही. मग भाता लावून अंगणातच यंत्र चालविले. काही वेळ अति उत्तम चालले. हेरंबराव गुणाजीकडे पाहून हसले, गुणाजी हेरंबरावांकडे पाहून हसला. इतक्यात तोफेसारिखा धमाका होऊन एक गादी फाटली आणि तेलाची धार अंगण ओलांडून शेजारच्या गुणवंतीबाईंच्या अंगणात गेली, जेथे वर्षाचे उडदाचे पापड बाजांवर वाळत होते.

पुढील प्रसंग लिहिण्यास कठीण. गुणवंतीबाई बाहेर आल्या, पापडांकडे पाहिले, कुंपणापलीकडे पाहिले, आणि आत जाऊन दार लाविले. त्या आरडाओरडा करित्या तर बरे होते. मृणालिनीबाई स्वतः तहाच्या बोलण्यास गेल्या आणि तह घेऊन आल्या. कलम एकच होते: जितके पापड नासले तितके त्रिलोकेकरांच्या घरी लाटून द्यावे, आणि ज्याच्या यंत्राने नासले त्यानेही लाटावे. येणेप्रमाणे बंदरखात्याचे नकाशेनवीस भर दुपारी पोळपाटासमोर मांडी घालून बसले. त्यांचे पापड गोल येईनात. मृणालिनीबाई शेजारी लाटीत होत्या. दिवाळीनंतर प्रथमच त्यांस हसू आले, आणि ते त्यांनी दाबिले नाही.

त्या म्हणाल्या, "हा पापड गोलंजीच्या टेकडीसारखा झालाय."

हेरंबराव म्हणाले, "मग हा तुझ्या बाबांच्या पानात वाढ."

लाटणे थांबले. मग हेरंबराव हळूच म्हणाले, "त्या दिवशी मी त्या ताटासाठी खाली उतरायला हवं होतं. पण लोक हसत होते ग." मृणालिनीबाई म्हणाल्या, "बाबांनाही मागाहून चुकल्यासारखं झालं असेल. पण ते सांगायचे नाहीत आणि आपण विचारायचे नाहीत. म्हणून चढायचं. लाटा."

मग मसलत पालटली. गनीम कोंडून मरत नाही, त्यास वाट द्यावी, हे ध्यानी आले. तेलकोठीस मोठे भोक पाडून त्यात एक जाड नळी बसविली आणि तिचे तोंड उघड्यावर सोडिले. यंत्र सुखाने चालू लागले. धमाका नाही, पिचकारी नाही. हेरंबरावांनी ही फत्ते म्हणून जाहीर केली आणि मृणालिनीबाईंस चौपाटीपर्यंत फिरावयास नेले. त्या जुने लुगडे नेसून बसल्या होत्या, हे त्यांचे दूरदर्शित्व. परत आल्या तेव्हा लुगड्यावर तेलाच्या तुषारांची नक्षी उमटली होती आणि वास ऐसा की मांजर घर सोडून गेले. त्यांनी ते लुगडे माजघरात दोरीवर ठेविले, जेवावयास बसता समोर दिसेल असे.

हेरंबराव जेविता जेविता म्हणाले, "समजलं."

मृणालिनीबाई म्हणाल्या, "मी पैठणी नेसणार आहे. आईची आहे ती."

तेव्हा ती ओकारी बाहेर न सोडिता यंत्रानेच पुन्हा गिळावी, ऐसी नवी तजवीज निघाली. भात्याची नळी यंत्राच्या नरड्यात जातेच आहे. कोठीची नळी त्याच नळीस मध्ये जोडावी, म्हणजे वाफ परत यंत्रात जाऊन जळून जाईल. कागदावर नकाशा सुरेख आला. गुणाजीने जोडणी केली. यंत्र मंद होते तोवर ठीक चालले, आणि भाता जोरात येताच तीच गत जी गवालियावर जाहली, किंबहुना अधिक. तेलकोठी फुगल्यासारखी कण्हू लागली आणि सांधे पाझरू लागले. दोघांनी नळी तपासली, चोंदली नव्हती. पुन्हा चालविले, पुन्हा तेच. लग्न तोंडावर आले. गुणाजी गिरणीत जाऊन येऊन थकला, हेरंबराव कचेरीत समुद्राच्या नकाशात तेलकोठ्या काढू लागले. एके संध्याकाळी ते ओटीवर येऊन बसले आणि चित्ती म्हणाले की आता रेकला सांगावा हेच खरे. बैलगाडी पुढे जाईल, मी ठाकुरद्वारी राहीन, आणि ही चढण जन्मभर मधे राहील.

ओटीवर अण्णासाहेब गुडगुडी ओढीत होते. त्यांस पुतण्याचे यंत्र पहिल्यापासून नापसंत. ते म्हणाले, "हेरंबा, आता शहाणा हो. मोटार वीक आणि..." आणि पुढे उपदेश करावा तो त्यांस ठसका लागला. नळी तोंडातच होती. खोकला नळीतून आत गेला, गुडगुडीचे पाणी उसळले, चिलमीतून निखारे आणि तंबाखूचे पाणी उडाले, आणि अण्णासाहेबांच्या ताज्या धोतरावर येऊन पडले.

घरातील मंडळी धावली. हेरंबराव तेवढे जाग्यावरून हलले नाहीत. ते गुडगुडीकडे पाहत होते. इतका वेळ अण्णा ओढीत होते तोवर धूर चिलमीतून पाण्यात आणि पाण्यातून नळीत मुकाट येत होता. ज्या क्षणी ओढण्याऐवजी फुंकले, त्या क्षणी सारे उलटे फिरले. मग त्यांनी आपली नळी कोठे जोडली होती? भात्याच्या पुढे, जेथे भाता फुंकतो. भाता जोरात आला की तो यंत्रात फुंकी आणि त्याच दमात नळीतून मागे तेलकोठीतही फुंकी. कोंडमारा दूर करण्यास गेलो आणि कोठीत आणिक वारा भरिला. तीच नळी भात्याच्या मागे, मधल्या तोंडाशी जोडावी, जेथे तो हवा ओढतो. मग भाता जितका जोरात, तितकी ओढ अधिक. आणि गुडगुडीस जसे मध्ये भांडे असते तसे नळीच्या मध्ये एक भांडे असावे, जेणेकरून तेल तेथे राहील आणि नुसती वाफ पुढे जाईल.

त्यांनी अण्णासाहेबांस साष्टांग नमस्कार घातिला. अण्णासाहेब धोतर झटकीत म्हणाले, "एवढा पश्चात्ताप नको. मोटार वीक म्हणजे झालं."

दुसरे दिवसापासून नवी मोर्चेबंदी. एक पितळी डबा घेतला. कोठीची नळी डब्याच्या कडेने आत शिरे आणि डब्याच्या माथ्यावरून दुसरी नळी भात्याच्या मधल्या तोंडास जाई. डबा मोकळाच ठेविता तेलाचे तुषार थेट पार होऊ लागले आणि धुराड्यातून निळा धूर निघे, म्हणौन गुणाजीने नारळाचा काथ्या पिंजून आत सैल भरिला. तुषार काथ्यास बिलगत, थेंब होत आणि तळाशी साचत. तळास एक तोटी लाविली, जी सोडून साचलेले तेल काढावे. आणि यंत्र कधी उलटे शिंकले तर वारा माघारी कोठीत जाऊ नये म्हणून कोठीच्या तोंडाशी कातड्याची एक झडप बसविली, जी बाहेर जाणाऱ्यास वाट देई आणि आत येणाऱ्यास अटकाव करी. यंत्र चालविले. भाता पूर्ण जोरात, आणि तेलकोठी शांत. हेरंबरावांनी मृणालिनीबाईंचा एक धुतलेला पांढरा रुमाल बाकावर पसरून गाडी वरळीपर्यंत नेऊन आणिली. रुमाल पांढराच राहिला. त्यांनी तो आणून पत्नीच्या हाती दिला. मृणालिनीबाईंनी वास घेऊन पाहिला आणि पैठणी पेटीतून काढावयास गेल्या.

मग वैशाख मासी, शके अठराशे एकवीस, विकारीनाम संवत्सरी, लग्नाच्या सकाळी मोहिमेस कूच जाहले. पुढे दांडा धरून खासे हेरंबराव, शेजारी पैठणी, नथ आणि हिरवा चुडा ल्यालेल्या मृणालिनीबाई, मागे सामानाच्या पेटीवर गुणाजी. ठाकुरद्वार सोडिले, ग्रँट रोड घेतला, भायखळ्याचा पूल विनासायास चढिला. लालबागेत गिरणीचे लोक गुणाजीची गाडी म्हणौन रस्त्यात आडवे आले, नारळ फोडिला, गुलाल टाकिला, आणि त्या गलबल्यात तेथे तोटी सोडून डबा रिकामा करावयाचा ठरला होता तो राहून गेला. कोणास आठवण जाहली नाही.

मग परळ, मग भोईवाडा, मग ती चढण. माथ्यावर मांडव दिसत होता, सनई ऐकू येत होती, आणि वाटेच्या दुतर्फा दिवाळीचेच प्रेक्षक, अधिक लग्नाचे पाहुणे. ओटीवर गंगाधरराव उभे होते. खिलारी जोडी झुली घालून जवळच बांधिली होती. ती लग्नाकरिता सजविली होती की जावयाकरिता, हे कोणी विचारिले नाही.

हेरंबरावांनी भाता पूर्ण सोडिला. गाडी चढू लागली. दिवाळीस जेथे मान टाकिली ते आंब्याचे झाड आले आणि मागे पडले, आणि लोकांत कुजबुज उठली. आणखी काही अंतर गेले, आणि मग धुराड्यातून निळा धूर येऊ लागला. यंत्राचा आवाज घोगरा जाहला, वेग पडला. गुणाजी मागून वाकला आणि म्हणाला, "सायबानू, डबो भरलो! तेल भात्यात चल्ला!" डबा काठोकाठ भरला होता, भाता आता वाफेऐवजी तेल ओढीत होता, आणि ते तेल यंत्राचे नरडे दाबीत होते. तोटी बाकाखाली पुढच्या अंगास होती. गुणाजीचा हात पोचेना. हेरंबरावांनी दांडा सोडिला असता गाडी खड्ड्यात. थांबविली असता पुन्हा सुटणार नाही, हे सर्वांस ठाऊक.

हेरंबराव समोर पाहत म्हणाले, "मृणाल, राहू दे. झालं एवढं पुष्कळ झालं. मी उतरून पायी चढतो. शपथ मोडली तर मोडली, तू करवली हो."

हे त्यांनी मनापासून म्हटले, आणि म्हणताना त्यांस वाटले होते तितके जड गेले नाही. मृणालिनीबाईंनी पदर कमरेस खोचिला, डावा हात बाकाच्या कडेस घट्ट धरिला, आणि उजवा हात चुड्यासकट बाकाखाली घालून तोटी चाचपली. ती तापलेली होती. एकदा हात मागे आला. दुसऱ्या खेपेस त्यांनी पैठणीचाच काठ हाताभोवती घेतला, आईची पैठणी, आणि तोटी फिरविली. कढत काळे तेल भळकन वाटेवर पडले, आणि हातावर पडले, आणि काठावर पडले. यंत्र एकदा शिंकले. झडप खटकन मिटली. मग धूर विरळ जाहला, आवाज मोकळा जाहला, आणि गाडी जशी दम लागलेला पोहणारा वर येऊन श्वास घेतो तशी श्वास घेऊन पुढे सरली, आणि सरतच गेली, मांडवाच्या दारापर्यंत.

लोकांनी टाळ्या पिटल्या. सनईवाला ठेका विसरला. हेरंबराव उतरले आणि प्रथम पत्नीचा हात पाहिला. बोटे लाल जाहली होती, फोड नव्हते. चुड्याच्या प्रत्येक बांगडीवरून तेल ठिबकत होते.

गंगाधरराव ओटीवरून खाली आले. सर्वांस वाटले की आता काही बोलतील, आणि बोलले तर तिखट बोलतील. त्यांनी गाडीकडे पाहिले, चढणीवर उमटलेल्या काळ्या धारेकडे पाहिले, मग लेकीच्या हाताकडे पाहिले आणि पुष्कळ वेळ तेथेच पाहत राहिले. मग गडी पाण्याचा तांब्या घेऊन आला तो त्याच्या हातून त्यांनी स्वतः घेतला, आणि म्हणाले, "हात पुढे करा. दोघंही."

जावयाच्या आणि लेकीच्या हातांवर त्यांनी आपल्या हाताने पाणी घातिले. तेल निघेना. मग राख मागविली, चिंच मागविली, आणि मुहूर्ताची घाई असता, व्याही मंडळी दारात तिष्ठत असता, ते वृद्ध गृहस्थ खाली उकिडवे बसून लेकीची बोटे एकेक करून चोळीत राहिले. चोळिता चोळिता हलक्या आवाजात म्हणाले, "दिवाळीचं ताट तुझ्या आईनं दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणाला उचलू दिलं नाही." हेरंबरावांनी ऐकिले. ते म्हणाले, "मामा, पाणी द्या." आणि उरलेला तांब्या ओंजळीने तेथेच प्यायले.

येणेप्रमाणे तेलकोठीचा कोंडमारा फिटला आणि भोईवाड्याची चढण फत्ते जाहली. मोहिमेत जे कामी आले ते ऐसे: अंगरखा एक, पापड पुष्कळ, अण्णासाहेबांचे धोतर, आणि पैठणीचा एक काठ, ज्याचा डाग पुढे कधीही निघाला नाही आणि काढविला गेला नाही. गुणाजीस मानाचा फेटा देण्यात आला. त्याने तो घेऊन लालबागेत तोटी विसरल्याबद्दल सर्वांसमक्ष कानास हात लाविला, हेरंबरावांनीही लाविला. मुहूर्त टळला नाही. अंतरपाट धरिला गेला, मंगलाष्टके जाहली, आणि आनंदरावांच्या मागे करवली उभी राहिली. तिच्या हातातील दिव्यास तुपाचा वास येत होता आणि हातास यंत्राचा, आणि अक्षता टाकिता टाकिता गंगाधरराव मधूनच त्या हाताकडे पाहत होते. हा विजय येथे नोंदिला असे.